कृतज्ञ कोणास म्हणावे?

गेली चौदा वर्षे मिरज तालुक्यातील एका गावच्या माघातल्या सप्ताहात माझी एका दिवसाची कीर्तनसेवा ठरलेली आहे. मध्ये साथीच्या दिवसांत खंड पडला तेवढाच. गाव लहान, देऊळ जुने, मंडप साधा. कीर्तनाला उभे राहिले की माझ्या डाव्या हाताला देवळाचा एक लाकडी खांब येतो. त्या खांबाच्या बुडाशी दरवर्षी एक पितळी तांब्या ठेवलेला असे. त्यावर फुलपात्र पालथे घातलेले, आत कोमट पाणी, पाण्यात ज्येष्ठमधाची कांडी आणि शेजारी पानावर दोन लवंगा. पन्नाशी ओलांडलेला गळा. निरूपण रंगात येईपर्यंत तो बसू लागतो. टाळकऱ्यांनी विठ्ठलनामाचा गजर उचलला की मी खांबाकडे हात लांबवावा, दोन घोट घ्यावेत, लवंग दाढेखाली धरावी आणि पुढचे चरण हाती घ्यावे. असे वर्षानुवर्षे चालले.

तीन वर्षांपूर्वी मी हात लांबवला, तर तिथे तांब्या नव्हता.

कीर्तन कसेबसे पार पडले. आरतीनंतर एका तरुणाला मी सहज विचारले, "अरे, आज पाणी ठेवलं नव्हतं का?" तो म्हणाला, "ती म्हातारी गेली की हो महाराज, दिवाळीच्या तोंडाला. तीच ठेवायची." कोण म्हातारी? तर देवळामागे राहणारी, पहाटे उठून पायऱ्या झाडणारी. पहिल्या वर्षी कीर्तनात मला ठसका लागला होता, आवाज फुटला होता. तो तिने बायकांच्या बाजूला बसून ऐकला, आणि दुसऱ्या वर्षापासून तांब्या सुरू झाला. मी तिला पाहिले असेनच. कीर्तनानंतर पायांवर डोके ठेवणाऱ्या बायाबापड्यांत तीही असेल. पण मला तिचे तोंड आठवेना, आणि नाव तर कधी ठाऊकच नव्हते.

आता खरी लाजेची गोष्ट सांगतो. दरवर्षी कीर्तन संपताना मी आभार मानत आलो होतो. सरपंचांचे, सप्ताह समितीचे, अन्नदात्यांचे, मंडपवाल्याचे, माईकवाल्याचे. एकेकाचे नाव घेऊन मानत होतो. यादी समितीच लिहून हातात देते. आणि त्याच्या आदल्याच वर्षी त्याच खांबाशी उभे राहून मी कृतघ्नपणा या विषयावर दीड तास बोललो होतो. ती तिथेच बसून ऐकत असणार.

तेव्हापासून हा विषय मनातून जात नाही. कीर्तनात तो पुन्हा घेण्याचे धाडस झाले नाही, म्हणून येथे लिहितो. श्रोतेहो, चुकलो, वाचकहो, यात उपदेश कमी आणि कबुली जास्त आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

त्या दिवशी मी जी कथा लावली ती शांतिपर्वातली. शरपंजरी पडलेल्या भीष्मांना धर्मराज विचारतात, मैत्री कोणाशी करावी आणि कोणाशी करू नये? त्यावर पितामह गौतम नावाच्या ब्राह्मणाची गोष्ट सांगतात. हा गौतम नावाचाच ब्राह्मण. दस्यूंच्या वस्तीत राहिला, त्यांच्यासारखी शिकार करू लागला, वेद विसरला. पुढे धनाच्या आशेने बाहेर पडला आणि भटकत भटकत एका मोठ्या वटवृक्षाखाली आला. त्या वडावर राजधर्मा नावाचा बगळ्यांचा राजा राहत होता. त्याने या परक्या माणसाला अतिथी मानले. गंगेतले मासे आणून दिले, शेकायला अग्नी दिला, पानाफुलांचे अंथरूण केले, आणि तो थकून पडला तेव्हा आपल्या पंखांनी त्याला वारा घातला. धन हवे म्हणतोस, तर माझा मित्र विरूपाक्ष राक्षसराज आहे, त्याच्याकडे जा, असे सांगून वाट दाखवली. गौतम गेला. विरूपाक्षाने त्याला उचलवणार नाही एवढे सोने दिले. ते ओझे घेऊन तो दमला-भागला पुन्हा त्याच वडाखाली आला. बगळ्याने पुन्हा वारा घातला, पुन्हा खाऊ घातले, आणि जवळच विस्तव ठेवून विश्वासाने झोपी गेला.

रात्री गौतमाच्या मनात आले, ओझे जड आहे, वाट लांब आहे आणि वाटेत खायला काही नाही. हा बगळा अंगाने चांगला भरलेला आहे. झाले. त्याच विस्तवातले जळते लाकूड उचलून त्याने झोपलेल्या बगळ्याला मारले, पिसे उपटली, मांस भाजले आणि बांधून घेतले. पुढे विरूपाक्षाला संशय आला, कारण रोज येणारा मित्र दोन दिवस आला नव्हता. त्याने मुलाला पाठवले आणि गौतम पकडला गेला. राजाने राक्षसांना सांगितले, याला खाऊन टाका. राक्षस म्हणाले, हे पाप आम्हाला नको. दस्यूंना दिला, त्यांनीही तोंड फिरवले. कृतघ्नाच्या मांसाला किडेसुद्धा शिवत नाहीत, असा तिथे निवाडा आहे. ब्रह्महत्येला, मद्यपानाला, चोरीला, व्रतभंगाला शास्त्राने प्रायश्चित्त सांगितले, याला सांगितले नाही. वाल्मीकींच्या रामायणात लक्ष्मण सुग्रीवाला खडसावतो तोही याच अर्थाच्या शब्दांत.

ही कथा मी रंगवून सांगतो. राक्षसांनी नाक मुरडले त्या ठिकाणी लोक हसतात, मग एकदम गप्प होतात. कीर्तनकाराला असे ठिकाण फार आवडते. पण त्या तांब्यानंतर मी शांतिपर्व पुन्हा उघडले, आणि इतकी वर्षे न दिसलेली एक गोष्ट दिसली. गौतमाच्या मनात बगळ्याविषयी द्वेष नव्हता. राग नव्हता, हेवा नव्हता. त्याला फक्त वाटेची शिदोरी हवी होती. पंखांचा वारा त्याच्या अंगाला लागला, पण तो कोणीतरी घालत आहे हे त्याच्या मनापर्यंत गेले नाही. बगळा त्याच्या लेखी सोयीची एक वस्तू होता. आधी वाऱ्याची सोय, मग विस्तवाची सोय, शेवटी खाण्याची सोय. मी काही कोणाला मारले नाही हे खरे. पण माझ्या लेखी तो तांब्या खांबालाच फुटला होता.

पाठशाळेत आमचे गुरुजी शब्द फोडून दाखवीत. कृतज्ञ म्हणजे कृत जाणतो तो. केलेले ज्याला कळते तो. यात बोलणे कोठे आहे? शब्द करणाऱ्यांनी कृतवादी असा शब्द केला नाही. आणि उलट बाजूचा शब्द पाहा. कृतघ्न. त्यात हन् धातू आहे, मारणे. जाणणे याच्या विरुद्ध न जाणणे असायला हवे होते, पण भाषेने मधली पायरीच ठेवली नाही. न जाणणारा आणि मारणारा एकाच घरात बसवले. लहानपणी मला हे अतिशयोक्तीचे वाटे.

यावर आमच्याकडचा माणूस म्हणेल, आणि रास्त म्हणेल, की बुवा, लहानसहान गोष्टींचे आभार मानायची आपल्यात रीतच नाही. आईने ताटात भाकरी वाढली म्हणून कोणी धन्यवाद म्हणते काय? म्हटले तर ती काळजीत पडेल, पोराला झाले काय! शेजारणीने वाटीभर विरजण दिले आणि आपण आभार मानले तर ती म्हणते, "आभार कसले मानता, आम्ही काय परके?" आभार या शब्दातच भार आहे. आपल्या माणसावर तो टाकू नये, ही समज चांगलीच आहे. हल्ली पोरे उठल्यासुटल्या थँक्यू म्हणतात, ते मला वाईट वाटत नाही. पण पुष्कळदा ते पावती फाडल्यासारखे वाटते. पावती फाटली, व्यवहार मिटला, आता तू तुझ्या वाटेने आणि मी माझ्या. म्हणून न बोलणे हा दोष नव्हे. पण या चांगल्या रीतीच्या आडोशाला आपण आपले न जाणणेही बसवून दिले आहे. बोललो नाही, ते आपलेपणामुळे की ध्यानातच आले नाही म्हणून, हे ज्याचे त्याला ठाऊक. आपल्या घरात सर्वांच्या आधी कोण उठते आणि शेवटी कोण जेवते, हे किती पुरुषांना सांगता येईल? मला माझ्या घरचे पन्नाशीपर्यंत सांगता आले नसते.

दुसरा म्हणेल, ज्याचे त्याला दाम मिळाले, मग उपकार कसला? याला मी मिरजेचेच उत्तर देतो. आमच्या गावची तंतुवाद्ये देशभर जातात. शस्त्रे घडवणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात तंबोरे घडवू लागली. फरीदसाहेबांचे नाव त्यात आदराने घेतले जाते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या तंबोऱ्याचा भोपळा बहुतकरून पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठच्या रानातला. वारकऱ्याच्या गळ्यातली वीणाही याच हातांनी घडते. माझी वीणा अशीच एका कारागिराकडून घेतलेली. तिची जवारी बिघडली की मी त्याच्याकडे जातो. घोडीवर तार टेकते तिथे सुताचा एक बारीक धागा घालतात. त्याला कारागीर 'जीव' म्हणतात. तो केसभर पुढे सरकला की सूर मिटतो, केसभर मागे आला की खुलतो. हा माणूस डोळे मिटून, कान लावून, तासभर तो धागा सरकवीत बसतो. आषाढाच्या तोंडावर गेलो तर जवारीचे पैसे घेत नाही. "पंढरपूरला चाललीय ना," एवढेच म्हणतो. त्याची नमाजाची वेळ झाली की मी दुकान सांभाळतो. वीणेची किंमत मी केव्हाच चुकती केली आहे. पण त्या धाग्याला लागलेला त्याचा कान कोणत्या पावतीत धरायचा? दाम हा कामाचा असतो. कामात जे मन घातलेले असते त्याला दर नाही.

तिसरी शंका आपल्या संप्रदायातली आहे आणि ती सर्वांत अवघड. करता करविता पांडुरंग. मग माणसाचे काय मानायचे? जे मिळाले ते त्याचे, आभार मानायचे तर त्याचेच. मीही कित्येक वर्षे हेच म्हणत आलो, आणि यात खोटे काही नाही. पण याचा उपयोग मी कसा केला ते पाहतो, तेव्हा ओशाळतो. देवाला एकदा हात जोडले की म्हातारीचे नाव विचारायची गरज उरत नव्हती. देवाचे आभार स्वस्त पडतात. त्याला तोंड चुकवावे लागत नाही.

नाथांच्या घरची गोष्ट आठवा. श्रीखंड्या नावाचा एक साधा माणूस पैठणला नाथांच्या वाड्यात आला, मला कामाला ठेवा म्हणाला, आणि बारा वर्षे गोदावरीवरून कावडीने पाणी वाहत राहिला. पुढे द्वारकेहून देवाला शोधत एक ब्राह्मण आला तेव्हा वाड्यात कळले, की आपला पाणक्या म्हणजे कोण होता. कळले तेव्हा तो नाहीसा झालेला होता. पैठणला तो रांजण आजही दाखवतात. ही कथा आपण देवाच्या भक्तवात्सल्याची म्हणून सांगतो, ती तशी आहेच. पण नाथांसारखा पुरुष, ज्याने रामेश्वराला न्यायची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिती केली, त्याच्याही घरी पाणी भरणाऱ्याची ओळख बारा वर्षे पटली नाही, हे मला आता त्या कथेत जास्त ऐकू येते. तिथे देव पाणक्या होऊन राहिला होता. त्या बारा वर्षांत देवाचे आभार मानायचे असते तर ते पाणक्यालाच मानावे लागले असते, दुसरा मार्ग नव्हता.

आता लहान उपकार, मोठा उपकार ही वाटणी पाहू. मिरजेहून पंढरीला पायी जाताना कवठेमहांकाळ, सांगोला असा मुलूख लागतो. कृष्णेचा काठ सोडला की दोन दिवसांत जमिनीचा रंग बदलतो. एका दुष्काळी वर्षी सांगोल्याच्या अलीकडे एका वस्तीवर आम्ही दहा-बारा जण पाणी मागायला थांबलो. घरात एक बाई. तिने हंडाच बाहेर आणला, सर्वांना ओंजळीने पाणी दिले, आणि मग वाकून एकेकाच्या पाया पडली. आमच्यातला एक तरुण नंतर म्हणाला, "महाराज, पाणी आपण प्यायलो आणि पाया तीच पडली, हे उलटं नाही का?" मी त्याला शास्त्र सांगितले, की दान दिल्यावर वर दक्षिणा देतात, कारण घेणाऱ्याने घेतले हाही देणाऱ्यावर उपकार असतो. शास्त्र बरोबर होते. पण संध्याकाळी पुढच्या गावात कळले, की त्या वस्तीला टँकर चौथ्या दिवशी येतो. म्हणजे तो हंडा तिचा चार दिवसांचा होता. मिरजेत आपण तांब्याभर पाणी ओसरीवर शिंपडतो. मापाने तेवढेच पाणी तिथे कोणी दिले, तर ते लहान की मोठे? माप देणाऱ्याच्या घरात असते, घेणाऱ्याच्या हातात नसते. म्हणून घेणाऱ्याने "लहानशी तर गोष्ट" असे म्हणण्याआधी दमाने घ्यावे. आणि देणाऱ्यालाच लहान वाटत असेल तर? तेही मिरजेने पाहिले आहे.

२०१६ साली लातूरला पाणी राहिले नाही. मांजरा धरण कोरडे पडले. पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी न्यायचे ठरले. पहिली गाडी १० टाक्यांची, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर. ११ एप्रिलला ती मिरजेहून सुटली आणि १२ तारखेच्या पहाटे लातूरला पोचली. पुढे ५० टाक्यांच्या गाड्या झाल्या, एका खेपेला सुमारे २५ लाख लिटर, आणि ऑगस्टपर्यंत त्या धावत होत्या. मार्ग कोणता, तर मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. सुमारे ३४२ किलोमीटर. हा जुना बार्शी लाइटचा मार्ग. ती छोटी गाडी १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. आमच्या लहानपणी तिच्या खिडकीत बसून आम्ही पंढरीला गेलो आहोत. चढावर ती इतकी हळू चाले की पोरे उतरून बरोबरीने चालत. तोच मार्ग पुढे रुंद झाला म्हणून त्यावरून पाणी गेले. कृष्णेचे पाणी पंढरीवरून लातूरला गेले, याचे मला फार कौतुक वाटले होते. पण खरे सांगतो, मिरजेत आम्हाला त्याचे विशेष काही वाटले नाही. नदी आमच्या दाराशी, कोणाच्या नळाचा थेंब कमी झाला नाही. पेपरात फोटो आले, ते पाहिले आणि विसरलो.

तीन वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, तीच कृष्णा चढली. सांगलीला आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेले. कृष्णाघाटाकडची वस्ती बुडाली, रस्ते तुटले. चहूकडे पाणी आणि प्यायला पाणी नाही, अशी गत झाली. घागर घेऊन टँकरपुढे उभे राहण्याची वेळ त्या आठवड्यात आम्हा नदीकाठच्या माणसांवर आली. गावोगावची मदत आली. कोणाची कोण घेऊन आले, कोण उतरवून गेले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

त्या साली कार्तिकीला मी पंढरपुरात होतो. चंद्रभागेच्या वाळवंटात संध्याकाळी एक म्हातारा वारकरी शेजारी येऊन बसला. लातूरकडचा. त्याने विचारले, "गाव कोनतं, महाराज?" मी म्हटले, मिरज. तो माझ्याकडे वळूनच बसला. "मिरज म्हंजे पान्याचं मिरज का?"

मिरजेची ओळख लोक नाना प्रकारे देतात. तंबोऱ्यांचे मिरज म्हणतात, अब्दुल करीम खाँसाहेबांचे म्हणतात. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इस्पितळ उघडले तेव्हापासून दवाखान्यांचे मिरज म्हणतात. पाण्याचे मिरज हे मी प्रथमच ऐकले. मी होय म्हणताच त्याने दोन्ही हात जोडले. मला संकोच झाला. मी म्हटले, "अहो, मी काय केलं त्यात? मी तर एक बादलीही भरली नाही." तो म्हणाला, "तुमी नसंल केलं. पन तुमच्या गावचं पानी माजी नातवंडं पेली." मग जरा थांबून म्हणाला, "औंदा पुरात लई हाल झाले म्हनं तुमचे. आमच्या गावानं धान्य पाठिवलं, कापडं पाठिवली. पन एक सांगू का? तुमचं फेडायला मिळावं असं मनात लई व्हतं. पन असं नगं व्हतं. तुमच्यावर येळ यावी, मंग आमी फेडावं. त्यापरीस आमी रिनात व्हतो तेच बरं व्हतं."

मी गप्प राहिलो. उत्तरकांडात एक प्रसंग आहे. राज्याभिषेकानंतर वानरांना निरोप देताना श्रीराम हनुमंताला सांगतात, की तू केलेले उपकार माझ्याच ठायी जिरून जावोत. कारण उपकाराची फेड घ्यायला माणूस पात्र होतो तो संकटात सापडल्यावरच, आणि तशी वेळ तुझ्यावर येऊ नये. पाठशाळेत हा श्लोक मी तोंडपाठ केला होता, तीस वर्षे कीर्तनात लावला होता. दरवेळी तो मला सुंदर पळवाटेसारखा वाटे, देणेकऱ्याने गोड बोलून देणे टाळावे तसा. फेडण्याची इच्छा म्हणजे समोरच्याच्या संकटाची इच्छा, हे बुद्धीला पटे, पण मनाला तिरपे वाटे. वाळवंटात बसलेल्या त्या म्हाताऱ्याने तो श्लोक कधी ऐकला नसेल. त्याला ते आपल्या आपण, धान्याची पोती टेम्पोत चढवताना कळले होते.

आणि फेडायचे म्हटले तरी कोणाला? आमच्या दवाखान्यांच्या बाहेर कर्नाटकातून, कोकणातून आलेले रोग्यांचे नातेवाईक रात्री पडवीला अंथरूण टाकतात. एकाच्या फडक्यातली भाकरी दुसऱ्याच्या हातात जाते; एकाचे कानडी, दुसऱ्याचे मराठी. सकाळी एकाची गाडी सुटते, दुसऱ्याची मयत निघते. पुन्हा गाठ नाही. माझे वडील आजारी असताना अशी अर्धी भाकरी मीही खाल्ली आहे. ती ज्वारीची होती आणि तिच्याबरोबर शेंगांची चटणी होती, एवढे मला आजही सांगता येते. देणाऱ्याचा एक हात दुखावलेला होता, पट्टी बांधलेली. त्याचे गाव मी विचारले नाही, पण तो हात अजून दिसतो. ते जिरले, असे मी म्हणू शकेन. अन्न जिरते म्हणजे नाहीसे होत नाही. त्याचे रक्त होते.

मग म्हातारीचा तांब्याही असाच जिरला म्हणावे काय? मनाने ही सोड मला देऊ केली होती, हे कबूल करतो. पण जिरायला आधी घास तोंडात जाणवावा लागतो. मी तिचा उपकार जिरवला नाही आणि विसरलोही नाही. विसरायलासुद्धा आधी कळावे लागते.

त्या वर्षी आरतीनंतर त्या तरुणाला घेऊन मी देवळामागे गेलो होतो. घर दोन खणांचे. सून दारात आली, गडबडून गेली, सतरंजी टाकली. मी काय बोलायचे ते ठरवून गेलो नव्हतो. म्हटले, "तुमच्या सासूबाईंनी इतकी वर्षं माझ्या घशाची काळजी घेतली, आणि मला त्यांचं नावही माहीत नव्हतं." तिने नाव सांगितले. ते मी येथे लिहीत नाही, ते माझ्यापाशी राहू द्या. मग ती म्हणाली, "त्यांना काई वाटायचं नाई हो. कीर्तन झालं की त्या तांब्या आनायला जायच्या. आत वाकून बघायच्या. थेंब उरला नसला की म्हनायच्या, पोचलं."

हे ऐकून मला सुटल्यासारखे वाटावे, तर वाटले नाही. तिची बाजू पुरी झाली होती. तिला माझ्या आभारांची गरज नव्हती, रिकाम्या तांब्याने तिला जे हवे ते मिळत होते. अपुरे राहिले ते माझ्याकडचे. आभार हे देणाऱ्यासाठी असतात असे मी समजत होतो.

गेल्या माघात पुन्हा त्या गावी गेलो. वीणा गळ्यात घेतली, डावीकडे पाहिले, तर खांबाशी तांब्या होता. तोच पितळी, फुलपात्र पालथे. पण पान नव्हते, लवंगा नुसत्याच फरशीवर ठेवलेल्या. मी नमनाआधीच माईकवरून विचारले, "हे पाणी कोणी ठेवलं?"

मंडप चिडीचूप झाला. समितीचे दोघे एकमेकांकडे पाहू लागले. माझ्या ध्यानात आले, की कोणी केले हा प्रश्न आपल्याकडे काही सांडले-मोडले तरच विचारतात. बायकांच्या बाजूला सात-आठ वर्षांची एक पोर आईच्या पदराआड सरकली. तिच्या आईने, त्या सुनेने, अर्धवट उठून हात जोडले आणि भीत भीत विचारले, "काई चुकलं का, महाराज?"